पॉट रोस्ट आणि सुकी लाकडं

लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरून एक ट्रक चाललाय. मागे जाळीखाली फुगवलेल्या बाहुल्या बांधल्यात. एकट्या पुरुषांच्या करमणुकीला असतात तसल्या, आणि त्यात हेलियम भरलेला. ड्रायव्हरला कचकन ब्रेक मारावा लागतो, जाळी सुटते आणि त्या बायका एकामागून एक निळ्या आभाळात वर जायला लागतात. मागे एका गाडीत एक भाविक बाई आहे. तिची श्रद्धा अशी, की एके दिवशी ख्रिस्त येईल आणि पुण्यवंतांना सदेह वर घेऊन जाईल, आपल्या तुकोबांना नेलं तसं. समोर बघते तर माणसं वर चाललीत. ती गाडी सोडून उतरते, हात उंचावून भर चौकात धावत सुटते, आणि दुसरी गाडी तिला उडवते. पडदा पांढरा होतो. त्यावर नाव, जन्मसाल, मृत्युसाल.

नाव आलं तरी माझं हसू तोंडावरून गेलं नव्हतं. मालिकेला तेच हवं होतं, हे पुढे कळलं.

‘सिक्स फीट अंडर’ ही ती मालिका. एचबीओवर 3 जून 2001 ला सुरू झाली, 21 ऑगस्ट 2005 ला संपली. पाच सीझन, 63 भाग. फिशर कुटुंबाचा धंदा अंत्यविधींचा. तळघरात प्रेतं धुवायची, भरायची, रंगवायची. त्यावरच्या मजल्यावर लोकांनी दर्शन घ्यायचं, रडायचं. आणि त्याच्याही वर हे लोक राहणार, जेवणार, भांडणार. जवळजवळ प्रत्येक भाग कुणाच्या तरी मरणाने उघडतो आणि तो मेलेला माणूस त्या आठवड्याचं गिऱ्हाईक होतो. मेलेले अधूनमधून बोलतातही. भुतंबितं नाही. टेबलावर पडल्या पडल्या, आपल्यावर काम करणाऱ्याला टोमणे मारतात. गावातल्या म्हाताऱ्या बायका ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला मारतात तितक्याच सहजपणे.

पहिल्याच भागात घरचा कर्ता जातो. नाताळची आदली संध्याकाळ. नथॅनिएल फिशर नवीकोरी शववाहिका घेऊन थोरल्या मुलाला विमानतळावरून आणायला निघालाय. फोनवर बायको सिगारेटवरून बोलते. तो हो हो म्हणतो, फोन ठेवतो, पुढची सिगारेट पेटवायला वाकतो, तेवढ्यात सिटी बस येऊन आदळते. घरी रूथ, त्याची बायको, स्वयंपाकघरात मांसाचा पॉट रोस्ट शिजवतेय. फोन येतो. ती किंचाळते, हाताला लागेल ते भिरकावते. धाकटा मुलगा डेव्हिड धावत वर येतो, तेव्हा ती त्याला काय सांगते? अपघात झालाय, नव्या शववाहिकेचा चुराडा झालाय, तुझे वडील गेले. वडील गेले आणि माझ्या पॉट रोस्टची वाट लागली.

फ्रान्सिस कॉनरॉयने हे वाक्य ज्या स्वरात म्हटलंय, तो स्वर मी पुन्हा पुन्हा ऐकला. ती विनोद करत नाही. तिला खरोखरच त्या रोस्टचंही वाईट वाटतंय. संध्याकाळभर ती त्यामागे होती, मुलगा कित्येक दिवसांनी घरी येणार होता. नवरा गेला ही गोष्ट अजून तिच्या अंगावर यायचीय. रोस्ट समोर आहे, दिसतोय, त्याचं काहीतरी करायला हवंय.

मरणाच्या घरात हसू येतं ते कुणी जोक सांगतो म्हणून नाही, कामं असतात म्हणून येतं, असं माझं मत ही मालिका बघता बघता पक्कं झालं. माणूस गेला की यादी सुरू होते. कुणाला कळवायचं, कोण कुठून कधी पोचणार, दाखला, भटजी, खुर्च्या, चहा, पेपरातली जाहिरात. दुःखाला वेळेचं भान नसतं आणि खुर्चीवाल्याला असतं. तो फोनवर विचारतो, “कदेलां कितलीं जाय?” आणि ज्या बाईचा भाऊ आत जमिनीवर निजलाय, तिला आकडा सांगावा लागतो. फिशरांच्या घराचा हा रोजचा व्यवसाय. म्हणून तिथे पाच वर्षं हसू आणि हुंदका एकाच खोलीत नांदले.

आम्हा गोव्याच्या लोकांना खरं तर या मिश्रणाची सवय असायला हवी. आमचं कोंकणी नाटक, तियात्र, बघा. 17 एप्रिल 1892 ला मुंबईत लुकाझिन्यो रिबेरोने पहिलं तियात्र केलं, तेव्हापासून त्याची बांधणी साधारण तीच राहिली. सहा-सात पडदे, आणि पडद्यापडद्याच्या मध्ये कांतारां, म्हणजे गाणी, आणि कॉमेडी. कथानकात घर फुटतंय, आई मरतेय, मुलगा तुरुंगात जातोय. पडदा पडतो आणि समोर रंगीत शर्टातला माणूस येऊन मंत्र्याची टर उडवणारं गाणं म्हणतो. लोक पोट धरून हसतात. पडदा वर जातो, लोक पुन्हा रुमाल काढतात. मडगावला रवींद्र भवनात मी हे पाहिलंय आणि शेजारच्या खुर्चीवरची बाई दोन्ही कामं तितक्याच मनापासून करत होती. पण तिथे पाळी ठरलेली असते. हसायची वेळ वेगळी, रडायची वेगळी, मध्ये जाड पडदा.

‘एकच प्याला’मध्ये हा पडदा बराच पातळ झालेला आहे. आमच्या फोंडा भागात देवळांच्या उत्सवात संगीत नाटकं उभी राहतात, त्यात हे ठरलेलं. 1919 साली ते रंगभूमीवर आलं तेव्हा गडकऱ्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता. आपलं सगळ्यात हसवणारं आणि सगळ्यात रडवणारं नाटक त्यांनी रंगमंचावर बघितलंच नाही. तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ ज्या दारूवर आपल्याला लोळवतात, त्याच दारूने सुधाकराच्या घरात मूल मरतं. पेला एकच. देवळाच्या मंडपात तळीरामाच्या वाक्यांना सगळ्यात मोठ्याने टाळ्या कोण वाजवतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यांच्या बायकांना जास्त ठाऊक असतं. त्या बायका त्या वेळी स्टेजकडे बघत नसतात. पण गडकऱ्यांनीही तळीरामाचा प्रवेश वेगळा आणि सिंधूचा वेगळा ठेवलाय. रूथच्या बाबतीत ते एका वाक्यात येतं, मध्ये नुसतं ‘आणि’.

माझे भाईकाका गेले ते ऐन जुलैत. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुलैत फोंड्याजवळच्या गावात मरण म्हणजे पहिला प्रश्न लाकडांचा. स्मशानात वर पत्रे आहेत, पण लाकडं सांगून आली ती ओली. ट्रकातून उतरवली तेव्हा त्यातून पाणी गळत होतं.

आणि घरामागच्या खोपीत, गाईच्या गोठ्याला लागून, सुक्या लाकडांची भिंत उभी होती. भाईकाका एप्रिल-मे दोन्ही महिने तेवढंच करायचे. आंब्याची, फणसाची, मोडक्या दाराची लाकडं फोडून, वाळवून, जाडी बघून रचायची, नारळाची सोडणं आणि करवंट्या वेगळ्या पोत्यांत भरायच्या. पावसाळाभर न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली किती लाकडं घालायची याचा त्यांचा हिशेब असे. गॅसचा गिझर आला तरी भाण पेटायचंच. आम्ही सुटीत गेलेल्या मुलांनी जास्तीचं एक लाकूड सारलं तर त्यांना आतल्या खोलीत वास यायचा की काय कोण जाणे. “कोण तो नारकासूर?” अशी हाक यायचीच.

माझा भाऊ आणि शेजारचे दोघं पाटी घेऊन खोपीकडे निघाले. काकी इतका वेळ भिंतीला टेकून गप्प बसली होती. रात्रीपासून तिने कुणाशी शब्द बोललेला नव्हता. बायका तिला रडवायचा प्रयत्न करून थकल्या होत्या. ती एकदम मान वर करून म्हणाली, “तांच्या लांकडांक हात लावं नाकात. रागार जातले.”

पोरं जागच्या जागी थांबली. खरंच थांबली, पाटी हातात धरून, जशी पूर्वी थांबायची. मग माझ्या आत्याच्या तोंडून एक आवाज आला, हुंदका म्हणून सुरू झालेला आणि वाटेत भलतीकडे गेलेला. आणि मग सगळी ओसरी. ज्यांनी भाईकाकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या ते सगळे, म्हणजे सगळेच. भटजी तेवढे शिष्टाचार म्हणून अंगणातल्या तुळशीकडे बघत राहिले. काकी कुणाकडेच बघत नव्हती. हसू ओसरलं तेव्हा ती रडत होती, आणि ते कधी सुरू झालं कुणाला कळलं नाही.

त्यातली निम्मी लाकडं गेली. भाऊ स्मशानातून परत आल्यावर म्हणाला, पहिल्या काडीला पेटली. बाकीचे पुरुष वाटेवर हेच बोलत आले होते, लाकूड काय सुकवलं होतं माणसाने.

मालिकेत फेडेरिको डायझ नावाचा माणूस आहे, रिको. चेहरा दुरुस्त करणारा कारागीर. अपघातात गेलेल्याचा फोटो समोर ठेवून तो मेणाने नाक-गाल उभे करतो आणि आपल्या कामावर त्याचा भारी जीव. पुढे तो धंद्यात भागीदार होतो. आमच्याकडे असला कारागीर नाही असं मला वाटत होतं, पेपरच्या जाहिरातीसाठी फोटो शोधायला बसेपर्यंत.

गोव्यात सकाळचा पेपर मागून वाचणारे लोक खूप. श्रद्धांजलीच्या चौकटी आधी, राजकारण मग. चौकटीत फोटो हवा, आणि भाईकाकांनी फोटो काढून घेतले ते निवडणुकीच्या ओळखपत्रापुरते. एक सापडला तो चुलत बहिणीच्या लग्नातला. शेजारी व्याह्यांचा अर्धा फेटा, खांद्यावर कुणाचा तरी हात, आणि तोंडात बहुतेक जिलबी. तो घेऊन मी फोंड्याच्या बाजारातल्या स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्याने फेटा पुसला, हात पुसला, गाल जरा खाली घेतला. हे सगळं तो माझ्याशी पावसाबद्दल बोलत करत होता. मग माऊस थांबवून विचारलं, “कोट घालूं? सगळ्यांक घालतां हांव.”

त्याच्याकडे तयार कोट होते. काळा, निळा, राखी. टायसकट. मान तेवढी वरून बसवायची. मी म्हटलं, त्यांनी जन्मात कोट घातला नाही, अंगात बनियन आणि पंचा, फार तर बाजारात जाताना शर्ट. त्याने समजूतदारपणे मान हलवली आणि पुढचा प्रश्न टाकला, “फाटल्यान निळें दवरूं काय कुपां?” निळ्यावर ठरलं. ढगांचे वीस रुपये जास्त होते. ते मला ऐकू आलं आणि भाईकाकांनी काय म्हटलं असतं तेही ऐकू आलं.

त्याने काम मात्र सुरेख केलं होतं. जिलबी गेली, पण ती खाताना डोळ्यांत आलेली खुशी राहिली. रिकोला दाखवावंसं वाटलं.

पैशांचा भाग मालिकेत फार नेमका आहे, आणि तो हसवतो तो त्या नेमकेपणामुळेच. पेट्यांची खोली आहे, साध्या लाकडापासून चकचकीत ब्राँझपर्यंत, आणि रडणाऱ्या मुलाला हळूच महागड्या पेटीकडे वळवण्याचं कसब आहे. अमेरिकेत 1984 पासून नियम आहे की अंत्यविधीवाल्याने प्रत्येक गोष्टीची वेगवेगळी किंमत लिहून द्यायलाच हवी. तो नियम करावा लागला यातच काय ते आलं. प्रेतात रसायन भरून ते टिकवण्याची त्यांची रीत पसरली तीही यादवी युद्धात, दूर पडलेले सैनिक घरी पाठवता यावेत म्हणून. 1865 मध्ये लिंकनचं शव आगगाडीने गावोगाव फिरवलं आणि लोकांनी ती कला डोळ्यांनी पाहिली. वाट बघण्याचं शास्त्र आहे ते. आता ते आमच्याकडेही लागतं. मुलगा दुबईत, मुलगी इंग्लंडात स्विंडनला, आणि बांबोळीच्या शवागारात बाप दोन दिवस थांबलेला. पूर्वी तासाभरात उचलायची घाई करणारे आमचे लोक आता विमानांची वेळापत्रकं तोंडपाठ म्हणतात.

मालिका लिहिणारा ॲलन बॉल तेरा वर्षांचा होता तेव्हा त्याची बहीण त्याला पियानोच्या क्लासला सोडायला निघाली होती. गाडी ती चालवत होती, हा शेजारी. अपघातात ती गेली. त्या दिवशी तिचा वाढदिवस होता. हे वाचल्यावर मला त्या पांढऱ्या पडद्यांचा अर्थ वगैरे लागला असं म्हणणार नाही. एवढंच कळलं की बाहुल्यांचा प्रवेश लिहिणाऱ्यांच्या प्रमुखाला रस्त्यावरचं मरण किती क्षुल्लक कारणाने येतं, हे ऐकून माहीत नव्हतं.

सगळंच जमलंय असं नाही. चौथ्या सीझनमध्ये डेव्हिड एका अनोळखी तरुणाला गाडीत घेतो आणि तो त्याचा तासभर छळ करतो, अंगावर पेट्रोल ओततो. त्या भागाची तारीफ करणारे पुष्कळ आहेत. मला तो दुसऱ्यांदा बघवला नाही, आणि भीतीने नव्हे. त्यात हसायला काहीच नाही. मालिकेने आपलाच धर्म सोडला की काय असं वाटतं. नुसती यातना दाखवायला काय लागतं? आमच्या रोज संध्याकाळच्या मालिकांतही सुनेला तासभर छळतात. पुढे थोरल्या मुलाची बायको होणाऱ्या ब्रेंडाच्या घरच्यांची मानसशास्त्रीय भाषणंही मी पुढे ढकलत बघितली. तिच्या आईवडिलांपैकी कुणीही ‘भावना’ म्हटलं की मी चहा टाकायला उठायची.

पण पाचव्या सीझनमध्ये नेट जातो, तो थोरला मुलगा, आणि मालिका पुन्हा जागेवर येते. आयुष्यभर पेट्या विकलेल्या घरातला हा माणूस सांगून ठेवतो की मला पेटी नको, रसायन नको. त्याला कापडात गुंडाळतात आणि रानात मातीत ठेवतात. अमेरिकन प्रेक्षकांना हे फार क्रांतिकारक वाटलं म्हणे. आमच्या आत्याने बघितलं असतं तर म्हणाली असती, चला, पाच वर्षांत एकदाचं कुणीतरी नीट केलं. पहिल्या भागात याच नेटने वडिलांच्या थडग्यावर माती टाकायला डबी नाकारली होती. मिठाच्या डबीतून शिंपडावी तशी माती शिंपडायची पद्धत, आणि त्याने मूठ भरून घेतली. आई त्याच्यामागून गेली होती. तेव्हापासूनच तो आमच्यातला वाटायला लागला होता.

शेवटचा भाग प्रसिद्ध आहे. क्लेअर, धाकटी मुलगी, गाडी घेऊन न्यूयॉर्कला निघते, आणि रस्ता मागे पडत असताना एकेकाचं मरण पुढे दिसत जातं. सगळे जातात, क्रमाक्रमाने, प्रत्येकाला पांढरा पडदा आणि दोन सालं. याला जग धाय मोकलून रडलं. मीही. पण त्यातही ब्रेंडाचं मरण बघा. 2051 साल आहे, ती म्हातारी होऊन खुर्चीत बसलीय, भाऊ बिली शेजारी बसून बोलतोय, बोलतोय, बोलतोय, आणि ती जाते. त्याच्या बडबडीने गेली असं वाटावं इतकं ते नेमकं आहे. सगळं थिएटर रडत असताना मागच्या रांगेतून एक शिट्टी यावी तसं.

रूथच्या नावाखाली साल आहे 2025. लिहिणाऱ्यांनी 2005 मध्ये ते सहज टाकलं असणार, लांबचं म्हणून. ते साल उजाडलं त्या जानेवारीत मला उगाच चुकल्यासारखं झालं. नसलेल्या बाईचं वर्षश्राद्ध कोण घालणार?

काकीला मी ही मालिका दाखवीन असं ठरवलं नव्हतं. ती फोंड्याहून पणजीला डोळ्यांच्या तपासणीसाठी आली होती, थेंब घातल्यामुळे टीव्ही नीट दिसत नव्हता, आणि मी लॅपटॉपवर पहिला भाग परत लावला होता. तिने विचारलं, काय चाललंय? मी सांगत गेले. हा नवरा. ही बायको. ही त्यांची मेलेल्या माणसांची गाडी. तिने स्वयंपाकघरातली किंकाळी ऐकली. मी वाक्याचा अर्थ सांगितला, रोस्टसकट.

मला वाटलं होतं ती हसेल. खोपीची आठवण काढेल. तिने डोळ्यांवरचा हिरवा चष्मा वर सरकवला आणि गंभीरपणे विचारलं, “मागीर तीं रातीं जेवलीं कितें?”

मी म्हटलं, शेजाऱ्यांनी दिलं असेल.

“तांगेर शेजारी आसात?” तिला शंका होती. मग तिने आमच्याकडे त्या रात्री कोणी काय पाठवलं होतं ते सगळं सांगितलं. वरच्या वाड्यावरून पेज, ती गार. देवळाकडच्यांनी भात आणि बिनफोडणीची आमटी, त्यात मीठ नाही, पण त्यांच्या घरी नेहमीच नसतं. चर्चकडच्या मारियाने पावांची पिशवी आणि थर्मासभर चहा, साखर एवढी की आत्याने दुसरा कप मागून घेतला. थर्मास अजून आपल्याचकडे आहे, परत न्यायला तिला वेळ कुठे मिळतो. भाईकाकांना मारियाचा चहा आवडायचा, हेही सांगून झालं. मी ऐकत होते, आणि स्क्रीनवर डेव्हिड हॉलमध्ये लोकांना बसायला सांगत होता.

“कदेलां कमी पडलीं तांकां,” काकी डोळे बारीक करून म्हणाली. “फुडलें लाय.”